पिवळ्या पट्टीची बाकं

सरकारी खर्चाचा विषय निघाला की माझं तोंड सुटायचं, आणि एकदा सुटलं की आवरायचं नाही. रस्ता खणलेला दिसला की, "बघा, आपले पैसे खड्ड्यात चालले." तोच रस्ता बुजवताना दिसला की, "आता बुजवायचे वेगळे." चौकात कारंजं बसवलं तेव्हा मी एका रिक्षावाल्याला थांबवून विचारलं होतं की याचं पाणी कुणी पिणार आहे का. तो बिचारा म्हणाला, "मला काय माहिती ताई, मी आपला सीएनजीच्या रांगेला चाललोय." घरी नवरा म्हणायचा, हिला एक दिवस पालिकेत बसवा, संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाचे दिवे बंद करून येईल.

चिखलीच्या आतल्या बाजूला, जिथे गल्लीच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या शेड आहेत, तिथे माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. माझी म्हणजे माझीच. नवरा चाकणला गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला आहे, आणि शेडच्या कारभारात त्यानं नाक खुपसलं की मी त्याला बाहेरच्या स्टुलावर बसवते. आम्ही एका सप्लायरसाठी ब्रॅकेट बनवायचो आणि तो ते गाड्यांच्या कंपन्यांना पुरवायचा. ब्रॅकेट म्हणजे गाडीच्या सीटखाली बसणारा लोखंडी तुकडा. तिथे कुणाची नजर जात नाही, आणि हात गेलाच तर पडलेलं नाणं शोधायला जातो. बारा वर्षं आम्ही तेच केलं. रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांत आमचं काम आहे, पण दाखवायचं म्हटलं तर गाडी उलटी करावी लागेल.

मग एका वर्षी गाड्यांचा खप पडला. चाकणच्या कंपन्या महिन्यातले काही दिवस प्लांट बंद ठेवायला लागल्या. नवरा सकाळी उठायचा, सवयीनं दाढी करायचा आणि युनिफॉर्मऐवजी लुंगीत येऊन चहा मागायचा. सप्लायरचे फोन आधी कमी झाले, मग बंद झाले. गल्लीतल्या प्रेस मशिन एकेक करून गप्प झाल्या. त्यांच्या धडधडाटात वर्षानुवर्षं राहून आम्हा सगळ्यांना ओरडून बोलायची सवय. आता आवाज नव्हता तरी आम्ही ओरडूनच बोलत होतो, आणि आपला आवाज एवढा मोठा आहे हे पहिल्यांदाच कळत होतं.

या सगळ्यात मला काळजी होती ती एकाच माणसाची. आमच्या मिस्त्रीची.

मिस्त्री परभणीकडचा. शेड सुरू केली त्या महिन्यात आला तो तेव्हापासून आहे. वेल्डिंग त्याच्याकडूनच शिकले मी. पहिल्या दिवशी काच न लावता ठिणगीकडे बघितलं म्हणून त्यानं मला, मालकिणीला, सगळ्यांसमोर झापलं होतं. मला तो ताई म्हणतो, त्यामुळे नवऱ्याला आपोआप दाजी. त्याची बायको पॅकिंगच्या युनिटमध्ये, मुलगी पालिकेच्या शाळेत नववीला. मुलगी हुशार, आणि तिच्या गणिताच्या बाईंवर तिचा फार जीव. गावाकडे वडील एकटे. त्यांनी तालुक्याच्या गावात याच्यासाठी एक पत्र्याचा गाळा बघून ठेवला होता. ग्रिल कर, गेट कर, आपल्या घरात राहा, असा त्यांचा धोशा. इतकी वर्षं मिस्त्री हसून टाळायचा. त्या जानेवारीत तो हसला नाही.

"ताई, मार्चला पोरीचं वर्ष संपतंय," तो म्हणाला. "मंग जायलो मी. इथं बसून तुमचा पगार खायला बरं वाटंना."

शेड माझी असली तरी हात त्याचे होते. तो गेला तर मी शटर ओढणार हे मला ठाऊक होतं, आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत एक ठेकेदार गल्लीत चौकशी करत आला. पालिकेचं काम त्याच्याकडे होतं, रस्त्याकडेला बसवायची चाळीस बाकं. त्याचा नेहमीचा कारखाना दुसऱ्या कामात अडकलेला, आणि वेळ थोडा. "एकतीस मार्चच्या आत बाकं जागेवर पाहिजेत, मोजमाप झालं पाहिजे. नाहीतर निधी परत जातो, मग तुम्ही तुमच्या घरी नि मी माझ्या." सरकारी निधीचा हा स्वभाव मला तोंडपाठ होता. वर्षभर झोपायचं आणि मार्चमध्ये धावायचं, यावर मी शेजारणींना कितीदा व्याख्यान दिलं होतं. त्या दिवशी मात्र मी ठेकेदाराला खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडे वळवला आणि चहात साखर चालते का विचारलं.

नवरा बाहेर स्टुलावर बसून सगळं ऐकत होता. ठेकेदार गेल्यावर म्हणाला, "काय गं, आपले पैसे खड्ड्यात चालले म्हणायचीस. हा खड्डा बरा आहे."

मिस्त्री म्हणाला, "एवढं काम करून जातो, ताई." म्हणजे जाणं रद्द झालं नव्हतं, नुसतं पुढे सरकलं होतं. मला तेवढंही पुरेसं होतं.

आता आमच्या भागात सार्वजनिक बाक नुसतं बाक नसतं. त्याच्या पाठीवर नाव असतं. माननीय अमुक अमुक यांच्या प्रयत्नातून. बसस्टॉपवर नाव, स्वागत कमानीवर नाव, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर नाव. एका स्वच्छतागृहावर तर मी नावाबरोबर हात जोडलेला फोटोही पाहिला आहे. आमच्या चाळीस बाकांवर वॉर्डाच्या नगरसेवकाचं नाव टाकायचं होतं. ठेकेदार म्हणाला होता, नाव ठळक पाहिजे. नेहमी पेंटर बोलावून ते रंगवून घेतात. दोन पावसाळ्यांत रंग उडतो, माननीयचा नुसता नीय उरतो.

इथे माझं डोकं चाललं. बारा वर्षं कुणाला न दिसणारं काम केल्यावर माणसाला काहीतरी करून दाखवायची खुमखुमी येते. मी म्हटलं, नाव रंगवायचंच नाही. पाठीच्या पत्र्यातून अक्षरंच आरपार कापायची. ऊन लागो, पाऊस लागो, नाव जन्मात जाणार नाही. नगरसेवक खूश, ठेकेदार खूश, पुढचं काम आपल्यालाच.

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "ताई, व कापला की त्याचं पोट गळून पडतंय. ब चं बी. म चं बी." आणि खरंच, पहिल्या पत्र्यातली सगळी गोल पोटं टपाटप खाली पडली. मग त्यानं प्रत्येक पोटाला बारीक दांडी ठेवून अक्षरं नव्यानं आखली. दोन पत्रे वाया गेले, पण तिसरा असा निघाला की गल्लीतले लोक बघायला आले. कोऱ्या पत्र्यातून पलीकडचा उजेड दिसत होता आणि त्या उजेडात नाव. मी त्या पत्र्याचा फोटो माहेरी पाठवला. आईनं विचारलं, तू निवडणुकीला उभी आहेस का.

चाळीसच्या चाळीस पत्रे कापून झाले. शेजारच्या पावडर कोटिंगवाल्या दादांकडून हिरवा रंग भट्टीत भाजून आला. पाय जोडले, बैठका जोडल्या. बाकं शेडच्या बाहेर ओळीत मांडली तेव्हा मार्च निम्मा सरला होता आणि मला उगाच मोठी कंत्राटदार झाल्यासारखं वाटत होतं.

त्याच दुपारी टीव्हीवर निवडणूक जाहीर झाली, आणि आचारसंहिता लागली.

आचारसंहिता लागली की आमच्याकडे गावाचा चेहरा बदलतो. ज्या नावांनी वर्षभर भिंती भरलेल्या असतात ती नावं दोन दिवसांत गायब होतात. फलक कापडात गुंडाळतात, कोनशिलांवर कागद चिकटवतात, बसस्टॉपवर ब्रश फिरवतात. सार्वजनिक पैशातून केलेल्या वस्तूवर पुढाऱ्याचं नाव मतदारासमोर राहता कामा नये, नियम साधा आहे. मीच दरवेळी म्हणायचे, बरं झालं, डोळ्यांना जरा विश्रांती. या वेळी मी आणि मिस्त्री त्या चाळीस बाकांसमोर उभे होतो. दुसऱ्या कुणी रंगवलेलं नाव असतं तर हिरव्या रंगाचा एक हात मारला की संपलं. आमचं नाव आरपार होतं. भोकाला रंग कसा मारणार?

नवरा लुंगी सावरत आला, बाकांकडे बघितलं आणि म्हणाला, "जन्मात जाणार नाही म्हणाली होतीस. तुझं काम पक्कं, हे मानलं." मी त्याला स्टुलावरसुद्धा बसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या कनिष्ठ अभियंता आल्या. तिशीतली मुलगी, स्कूटरवरून आलेली, हातात टेप आणि हेल्मेट. ठेकेदार मागे घाम पुसत उभा. तिनं सगळी बाकं बघितली, एकावर बसून मागेपुढे रेलून बघितलं, वेल्डिंगवरून बोट फिरवलं. "काम चांगलंय," ती म्हणाली. मला बरं वाटायला लागलं तोच पुढे म्हणाली, "पण नाव दिसतंय."

मी म्हटलं, "कागद चिकटवते."

"माणसं टेकून बसणार, मॅडम. पाठीनं दोन दिवसांत फाटेल. मग कुणीतरी फोटो काढणार आणि नोटीस मला येणार." ती चिडलेली नव्हती. नुसतं खरं सांगत होती. "नाव कायमचं झाकलेलं असलं तर मी बाकं घेईन. आज गुरुवार आहे. एकतीसच्या आत बिल पुढे जायचं तर सोमवारी सकाळी ती जागेवर असली पाहिजेत. त्यानंतर मलाही काही करता येणार नाही."

ती गेली आणि ठेकेदार माझ्यावर असा बरसला की विचारू नका. मी एरवी उलटून बोलले असते. पण तो चुकीचं काही बोलत नव्हता. नाव ठळक ठेवा म्हणाला होता, अमर करा म्हणाला नव्हता.

चाळीस पट्ट्या लागणार होत्या, बाकाच्या पाठीएवढ्या लांब. नवीन पत्रा आणायला माझ्याकडे ताकद उरली नव्हती, आणि वेल्डिंग करून पट्टी लावली तर भाजलेला रंग जळणार होता. मी पायरीवर बसले आणि मला चक्क रडू आलं. बाकांसाठी नव्हे. मिस्त्रीचं शेवटचं काम असं नाकारलं जाणार, आणि ते माझ्या मिरवण्यापायी, म्हणून. हा माणूस बारा वर्षं माझ्याकडे राबला आणि जाताना काय घेऊन जाणार, तर चाळीस परत आलेली बाकं.

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं आणि चुळबुळला. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्याला अजिबात कळत नाही. तो उठला आणि समोरच्या प्रेसवाल्याच्या शेडमध्ये गेला. पाच मिनिटांनी खांद्यावर पत्र्याची एक लांब पट्टी घेऊन आला. प्रेसमधून पार्ट कापून झाल्यावर कडेला उरते ती. भंगारात जायची.

"ताई, वेल्डिंग करायचीच न्हाई," तो म्हणाला. "रिव्हेट मारू. रंग जळत न्हाई, आन ड्रिल लावल्याबिगर निघत बी न्हाई. पट्ट्या हिथंच हायत गल्लीत, समद्यांच्या भंगारात."

मी डोळे पुसले. पुढचे तीन दिवस आमच्या गल्लीत जे झालं त्यावर मी अजून हसते. प्रेसवाला आला, त्याच्या मागून स्प्रिंगवाला आला, आणि ज्यांना गेले तीन महिने शेडसमोर खुर्ची टाकून मोबाइल बघण्यापलीकडे काम नव्हतं ते सगळे आले. प्रत्येक जण आपल्या भंगारातून पट्ट्या घेऊन येत होता आणि आपली पट्टी दुसऱ्यापेक्षा कशी सरळ आहे ते सांगत होता. काहींना गोल भोकं होती, ती बाद. काही जाड होत्या, काही वाकलेल्या. प्रेसवाल्यानं मशिन चालू करून त्या सरळ करून दिल्या. कितीतरी दिवसांनी गल्लीत ती धडधड ऐकू आली आणि आम्हाला ओरडून बोलायला कारण मिळालं.

पावडर कोटिंगवाले दादा मूळचे चिखलीचेच, कंपन्या यायच्या आधीपासूनचे. त्यांची भट्टी थंड होती. हिरवी पावडर आमच्याच बाकांना लागून संपली होती. "हिरवी न्हाई आता," ते म्हणाले. "पिवळी हाय, स्कूटरच्या जुन्या ऑर्डरीतली. चालल का?" मी म्हटलं चालेल, तुम्ही भट्टी लावा. "व्हय, लावतो की. पण पोरं गावाला धाडलीत, त्यास्नी बोलवाया लागंल." त्यांनी दोन्ही पोरांना फोन केला. पोरं एसटीनं परत आली. दुपारी ती जेवायला डबेवाल्या मावशींकडे गेली, तर मावशींनी एक शेगडी बंदच करून ठेवलेली. गिऱ्हाइकंच नव्हती. त्यांनी ती पुन्हा पेटवली. टेम्पोवाला, जो गेला महिना टेम्पो धुऊन धुऊन त्याचा रंग घालवत होता, तो सकाळपासून येऊन बसला. हार्डवेअरवाल्याकडचे रिव्हेट आम्ही सगळेच्या सगळे उचलले, तर त्यानं आनंदानं मला एक हातोडी भेट दिली. माझ्याकडे आठ हातोड्या आहेत. ही नववी.

मी पट्टीला भोकं पाडता पाडता हे बघत होते. सरकारनं मागितली होती फक्त बाकं. गल्लीतल्या एकालाही सरकारनं काही दिलं नव्हतं, आणि तरी भट्टीपासून शेगडीपर्यंत सगळं त्या बाकांनी पेटवलं होतं. मला तेव्हा माझ्या व्याख्यानांची लाज वाटली, असं मी म्हणेन तर नवरा चारचौघांत वाचून दाखवेल. पण वाटली. खर्च वाईट असूही शकतो, कारंज्याबद्दल माझं मत मी बदललेलं नाही. पण सगळे हात आखडून बसलेले असताना कुणीतरी काहीतरी मागायला लागतं, आणि त्या वर्षी मागणारा तेवढाच एक होता.

नवरा तीन दिवस लुंगी सोडून पँटमध्ये वावरला. पिवळ्या पट्ट्या भट्टीतून आल्या की तो त्या उजेडाकडे तिरक्या धरायचा आणि म्हणायचा, "इथे संत्र्याची साल आलीय." रंग खडबडीत बसला की पेंट शॉपवाले तसं म्हणतात. दादा त्याला म्हणाले, "दाजी, ही मोटार न्हाई, बाक हाय. हिच्यावर माणसं बूड ठेवणार." नवऱ्यानं तरी दोन पट्ट्या परत भाजायला लावल्या. कंपनी बंद असल्यापासून त्याला कुणी काही नापास करू दिलं नव्हतं. तो इतका खूश होता की मीही गप्प बसले.

सोमवारी सकाळी चाळीस बाकं रस्त्याकडेला उभी होती. हिरवी बाकं, पाठीवर रुंद पिवळी पट्टी, पट्टीच्या कडेनं रिव्हेटची चकचकीत ओळ. अभियंता मॅडम आल्या. पहिल्याच बाकापाशी थांबल्या.

"ड्रॉइंगमध्ये पिवळी पट्टी नाहीये," त्या म्हणाल्या.

मिस्त्री पुढे झाला. "मॅडम, नाव दिसंना ना?"

त्यांनी पुढून बघितलं, मागून बघितलं. मागूनही पट्टी होती, मिस्त्रीनं दोन्हीकडून लावली होती. मी चाळीसच धरल्या होत्या, त्यानं पहिल्याच दिवशी ऐंशी करून घेतल्या होत्या. मग त्यांनी नखानं एक रिव्हेट उचकटायला बघितला, तो हलला नाही. "कुणी काढली तर?"

"काढायला ड्रिल लागतंय, आन ड्रिलला वीज. हिथं वीज कुठंय?"

मॅडम हसल्या. टेप काढला, मापं घेतली, फोटो काढले, चाळीस बाकं, एकही सोडलं नाही. शेवटच्या बाकावर बसून त्यांनी सही केली. जाताना म्हणाल्या, "खरं तर पट्टी छान दिसतेय. अंधारात चमकेल, कुणी आपटणार नाही." आणि ठेकेदार, जो गुरुवारी मला खाऊ की गिळू करत होता, त्यानं तिथेच सांगितलं की पालिकेच्या शाळांमधले मोडकी बाकं दुरुस्त करायचं काम त्याच्याकडे आहे, आचारसंहितेच्या आधीच मंजूर झालेलं, आणि ते आम्ही करावं. सहा महिने पुरेल एवढं.

मी मिस्त्रीकडे बघितलं. तो खूश होता, पण खाली बघत होता. "ताई," तो म्हणाला, "परवा बाबा यायलेत. सामान न्यायला."

हे मी विसरले नव्हते, मला विसरायचं होतं. आमच्याकडे काम होतं, पण त्या म्हाताऱ्या माणसाला मी काय सांगणार होते?

वडील आले तेव्हा शेडमध्येच आले, पाठीवर पंचा टाकलेला, हातात पिशवी. चहा घेतला. मी शाळांच्या कामाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमी चांगल्या हाव. पण सरकारचं काम आज हाय, उद्या न्हाई. कंपनीचं बी तसंच निघालं. बारा वर्सं झाली, गावात लोक इचारतेत, पोरगा काय करायलाय. मी म्हणतो मोटारीचं काहीतरी. काय करतो ते मलाच ठावं न्हाई तर लोकाला काय सांगू?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. मिस्त्री म्हणाला, "बाबा, गाडीत बसायच्या आधी एक जागा दाखवतो." आणि मला म्हणाला, "ताई, तुमी बी चला. मला बोलायला जमत न्हाई."

आम्ही टेम्पोतून गेलो. दुपारची वेळ, सेकंड शिफ्टच्या कंपनी बसची. रस्त्याकडेच्या एका बाकावर युनिफॉर्ममधला एक तरुण डबा मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी भाजीच्या पिशव्या घेतलेल्या एक बाई, आणि बाईंच्या पलीकडे थोडी जागा. मिस्त्रीनं लांब उभं राहून नुसतं बोट दाखवलं. मीच म्हटलं, "काका, हे त्यानं केलंय. असली चाळीस आहेत या रस्त्यावर."

म्हातारा जवळ गेला. त्यांनी आधी बाकाच्या पायाला हात लावला, मग बैठकीला, मग पाठीमागे जाऊन पिवळ्या पट्टीवरून तळवा फिरवला, रिव्हेटची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटानं मोजल्यासारखी. युनिफॉर्मवाला पोरगा वर बघायला लागला.

"पोरा, हे बाक कुणी केलंय ठावं हाय का?" त्यांनी त्याला विचारलं.

"पालिकेनं, काका."

"न्हाई," ते म्हणाले. "माह्या पोरानं."

मिस्त्री रस्त्याच्या पलीकडे बघत उभा होता, पण त्याचे कान लाल झाले होते. बाईंनी पिशव्या ओढून घेतल्या आणि म्हातारा बसला. आधी काठावर, मग नीट मागे रेलून. ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत राहिले. मग मान न वळवता मिस्त्रीला म्हणाले, "पोरीची दहावी इथंच होऊ दे. मी एकटा जातो सांजच्या गाडीनं. तू जा कामाला, बाईंचं काम खोळंबलंय."

"तुमाला बसवून देतो की गाडीत."

"मी बसलोय न्हवं. जा तू."

आम्ही दोघं टेम्पोकडे निघालो. टेम्पो वळताना मी काचेतून बघितलं. युनिफॉर्मवाल्या पोराची बस येऊन गेली होती, बाईही उठल्या होत्या, आणि आता दोन नवी माणसं बाकापाशी घोटाळत होती. म्हातारा एका बाजूला सरकला होता आणि हातानं बैठक पुसून त्यांना म्हणत होता, बसा की, माह्या पोरानं केलंय.